हळदीचं पाणी

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. डब्याच्या तळाशी तिळगुळाचा चुरा उरला होता आणि तो कुणी संपवायचा यावरून माझ्या दोघी मुलींचं भांडण चाललं होतं. सासूबाई देवघरात गंध उगाळत होत्या आणि तिथूनच मला बजावत होत्या, "तवा जळतोय गं, वास येतोय." हे न्हाणीघराच्या दाराला आरसा टांगून निवांत दाढी करत होते. एरवी एवढ्यात यांची बॅग भरून दाराशी आलेली असायची. पण आज जायचीच सोय नव्हती. आदल्या दिवशी नागठाण्याहून येताना आमची मोटार वाटेत वाफा सोडत थांबत राहिली आणि शेवटी बैल जुंपून तिला साताऱ्यात आणावं लागलं. चव्वेचाळीस सालची गोष्ट. लढाई चालू होती. साखर-रॉकेल रेशनवर, पेट्रोल कुपनावर, आणि मोटारीचा सुटा भाग तर मागूनही मिळत नव्हता. त्यात आमचा ड्रायव्हर नानासो पलटणीत भरती होऊन गेलेला.

तेवढ्यात मागच्या दारावर थाप पडली.

दवाखान्याची माणसं पुढच्या दारानं येतात, आणि येतानाच हाका मारत येतात. मागच्या दारानं येते ती दूधवाली दगडाबाई. ती थाप मारत नाही, सरळ दार ढकलते. ही थाप एकदाच पडली, हलकी, आणि मग काहीच नाही. पिठाच्या हातानंच मी दार उघडलं. उंबऱ्यापाशी कुणी नव्हतं. थाप मारून तो माणूस मागं सरला होता आणि गाडीखान्यापाशी जाऊन आमच्या मोटारीकडे बघत उभा होता.

चाळिशीच्या आतबाहेरचा, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. धोतरावर पलटणीतला खाकी सदरा, डोक्याला पटका. उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी वेगळी होती. तुळतुळीत, ताणलेली, जुन्या भाजल्याची.

"डाक्टरसायबांची मोटार हीच न्हवं?" माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं.

"हो. आपण कोण?"

"कृष्णात. फलटणाकडनं आलोय. गाडी उकळतीया म्हणं."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगाया कशाला पायजे? काल बैलं लावून आणली. समद्या साताऱ्यानं बघितली की."

गालाला साबणाचा फेस तसाच ठेवून हे बाहेर आले होते. हसू दाबत म्हणाले, "बघा तर मग. आमचं तर ती आता ऐकत नाही."

मोटारीच्या तोंडाशी जाळीदार टाकी असते. इंजिनात तापलेलं पाणी तिच्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं आणि वाऱ्यानं निवतं. रेडिएटर म्हणतात तिला. कृष्णात नुसतं टाकी म्हणायचा. त्यानं टाकीला तळहात लावला, गार आहे याची खात्री केली, आणि तरीही वरचं टोपण उघडताना मान बाजूला वळवली. मग माझ्याकडून एक पांढरं घमेलं मागून घेतलं, टाकीखाली सरकवलं, आणि खालची तोटी सोडली.

पाणी पिवळं आलं. दाट, तवंग धरलेलं.

कृष्णात उठला नाही. उकिडवाच मागं मागं सरकत भिंतीला जाऊन टेकला. घमेलं भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं तरी त्याला तोटी बंद करायचं सुचलं नाही. शेवटी ती यांनी बंद केली.

"कुणी घातली ह्यात हळद?" त्याचा आवाज बसला होता.

"मी दिली," देवघरातून सासूबाई आल्या होत्या. "नानासो म्हणाला टाकी झिरपतीय. आमच्या सांगलीला मोटारवाले सर्रास घालतात हळद. माझ्या माहेरची आहे, राजापुरी, पेठेतून निवडून आणलेली. माणसाची जखम बुजते तर तिची का बुजणार नाही? आणि बुजली होती हो! महिनाभर थेंब नव्हता."

"झिरपाय थांबतं, आईसायेब," कृष्णात म्हणाला. "पर त्यीच हळद हळूहळू आतल्या नळ्यांतबी बसती. मग पाणी फिरत न्हाई. आन् मग..." पुढचं त्यानं गिळलं.

गाडी दुरुस्त करतो आणि चालवतोही, म्हणाला. यांनी पगाराचं काढलं, तर तुम्हीच ठरवा म्हणाला. पण दोन गोष्टी मात्र त्यानं अगदी नक्की करून घेतल्या. "टोपण माज्याबिगर कुणी खोलायचं न्हाई. आन् गाडी तापल्याली असताना तिच्याम्होरं कुणी हुबं ऱ्हायचं न्हाई. घरातलं बी न्हाई, बाहेरचं बी न्हाई."

"कबूल," हे म्हणाले.

"फलटणला जाता का कवा?"

"वर्षाकाठी एखाद वेळ. हिची मामेबहीण असते तिथं. का हो?"

"आदर्कीचा घाट हाय तिकडं. फलटणाकडनं वर ह्या गाडीनं न उकळता चढला पायजे. पावसाळ्याआधी. तेवढं झालं की मला बास."

ड्रायव्हर लोकांना असली पैज मारायची हौस असते, असं हे मला नंतर म्हणाले. मला ती पैज वाटली नाही. पैज मारणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघतो. हा घमेल्यातल्या पाण्याकडे बघत होता.

मग आमच्या परसात गाडीचं न्हाणं सुरू झालं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून त्यानं टाकीत भरला, इंजिन चालू करून ते पाणी फिरवलं, निवू दिलं, सोडून दिलं. पुन्हा सोडा, पुन्हा पाणी. मग टाकी सोडवून उलटी केली आणि खालच्या तोंडातून पाणी आत सोडलं, म्हणजे नळ्यांत वरून बसलेला गाळ आल्या वाटेनं परत जावा. पिवळे लगदे पडत राहिले. काहींना तेलाचा वास होता, काहींना गंजाचा. सासूबाई ओट्यावर बसून बघत होत्या. "माझ्या नातींचीसुद्धा इतकी निगुतीनं वेणी-फणी होत नाही," असं मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणत होत्या.

आडाचं पाणी तो टाकीत घालू देईना. सासूबाईंनी का म्हणून विचारलं, तर तो न्हाणीघरात गेला आणि बंबाचं झाकण काढून आतल्या भिंतीवरची पांढरी खपली नखानं उचकटून त्यांच्या हातावर ठेवली. "हीच हिच्या पोटात धरती, आईसायेब. तुमचा बंब मोठा हाय म्हणून कळत न्हाई. हिच्या नळ्या बोरूएवढ्या." तेव्हापासून माहुलीहून कृष्णेचं पाणी डब्यांतून यायला लागलं आणि माझ्या जुन्या पातळाच्या घडीतून गाळून टाकीत जायला लागलं. सासूबाईंनी त्यावर, "गाडीला कृष्णामाई आणि आम्हाला आड," असा टोमणा मारला. पण दुसऱ्याच दिवशी बंब घासायला काढला.

हळद निघून गेल्यावर मूळचं झिरपणं पुन्हा सुरू झालं. त्याला कथील वितळवून डाख लावायला हवा होता, आणि चार नळ्या नव्या बसवायला हव्या होत्या. साताऱ्यात तेव्हा कुणी ते अंगावर घेईना. सासूबाईंच्या भाच्यानं सांगलीतल्या एका तांबटाचं नाव कळवलं. कृष्णात टाकी घोंगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन आगगाडीनं गेला. जाताना सासूबाईंनी सहज सांगितलं, "खूण सोपी आहे. हळदीच्या पेठेच्या मागची गल्ली."

परत आला तो तापानं फणफणलेला. टाकी उत्तम झाली होती, डाख कुठं लावला ते शोधावं लागत होतं. पण त्याच्या तोंडाला पटक्याचा सोगा घट्ट गुंडाळलेला होता आणि पापण्यांच्या केसांवर पिवळी धूळ होती. त्या दिवसांत पेठेत नवी हळद उतरलेली असते, हवासुद्धा पिवळी होते, हे मला ठाऊक होतं. लग्नानंतर सासूबाईंच्या माहेरी पहिल्यांदा गेले तेव्हा मला त्या वासाचं केवढं कौतुक वाटलं होतं. यांनी औषध दिलं. तापात तो गाडीखान्यात पडून काही बोलत होता. मी पेज घेऊन गेले तेव्हा मला एवढंच कळलं. "म्होरं येऊ नगंस. म्होरं येऊ नगंस."

त्यानंतर मी त्याच्याकडे जरा जास्त लक्ष देऊ लागले. तो मागच्या ओसरीवर जेवायचा. वरणाची वाटी तशीच बाजूला सरकवायचा. पिवळी भाजी असली तर भाकरी, ठेचा आणि ताक. मी काही न बोलता त्याच्यापुरतं बिनहळदीचं काढायला लागले. पहिल्या दिवशी त्यानं वाटीतल्या पांढऱ्या वरणाकडे बराच वेळ पाहिलं आणि ते सगळं खाल्लं. शेजारी लग्न निघालं. मांडवापुढं हळद कुटायला बायका बसल्या, तर आठवडाभर तो वळसा घालून मारुतीच्या बोळानं यायचा.

आणि एक रोजचं होतं. सकाळी गाडी गार असताना तो तोटीतून थोडं पाणी पांढऱ्या घमेल्यात सोडायचा आणि मला हाक मारायचा.

"वैनीसायेब, जरा बघता का? पिवळं दिसतंय का?"

पाणी स्वच्छ असायचं. घमेल्याच्या तळाची चीर दिसावी इतकं.

"नाही हो. अगदी निवळ आहे."

"न्हाई न्हवं?" तो पुन्हा बघायचा. मान हलवायचा. त्याला पिवळंच दिसतंय, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. पण तो माझ्या शब्दावर टोपण लावायचा आणि त्यावर सुतळीची अशी गाठ मारायचा की ती दुसऱ्या कुणाला सुटू नये.

रस्त्यावर मात्र त्याचं वागणं यांना जड जायला लागलं. टाकीतलं पाणी उकळायच्या आधी बारीक आवाज देतं, किटलीसारखा. तो त्याला 'गाणं' म्हणायचा. जरा चढ लागला की कान द्यायचा, गाडी बाजूला घ्यायचा, उतरायचा, आणि टोपणाला हात न लावता गाडीच्या तोंडाकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा राहायचा. कुणाला तरी अडवल्यासारखा. ओढ्यातून ओलं करून आणलेलं पोतं टाकीवर टाकायचा, ते वाळेपर्यंत तसाच. एकदा वडूथच्या वाटेवर एका म्हाताऱ्याला धाप लागली होती आणि हे पोचले तेव्हा धाप थांबलेली होती, कायमची. गाडी न थांबती तरी तो वाचला नसता, असं हे स्वतःच म्हणाले. पण घरी आल्यावर त्यांनी बॅग ओसरीवर आपटली.

"कृष्णात, गाडी उकळत नव्हती. मी हात लावून पाहिला. कोमट होती."

"गात हुती, सायेब."

"मला ऐकू आलं नाही. हिला आलं नसतं. तुला एकट्याला येतं." मग यांनी आवाज उतरवला. "हे बघ, गाडी तू सोन्यासारखी केलीस. पण पुन्हा एकदा विनाकारण थांबलास, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. लोकांचे जीव आहेत."

"व्हय," तो म्हणाला. मग जाता जाता वळून म्हणाला, "घाट झाल्यावर काढा, सायेब. घाटाआधी नगा."

चैत्रात फलटणहून निरोप आला. माझ्या मामेबहिणीच्या सासऱ्यांच्या छातीत दुखत होतं. हे निघाले, मीही बरोबर निघाले. जाताना घाट उतारच. कृष्णात पहाटे पाणी गाळून, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघून तयार होता. घाटात एका वळणावर ओढा आडवा येतो, करंजाचं झाड आहे. तिथं त्यानं नजर रस्त्यावर खिळवली आणि ते वळण मागं पडेपर्यंत श्वास घेतला नाही. मी मागं बसले होते. त्याची मान मला दिसत होती.

सासऱ्यांचं दुखणं साधं निघालं. यांना दुपारच्याला साताऱ्यात एक शस्त्रक्रिया करायची होती, म्हणून जेवण टाळून आम्ही परत फिरलो. ऊन चढलं होतं. घाटाचा पायथा आला तशी कृष्णातनं दोन्ही हातांनी चाक धरलं. गाडी दमानं चढत होती. मी कान देऊन ऐकत होते. इंजिनाचा आवाज एकसारखा, कुठं कुरकुर नाही. हे घड्याळ बघत होते, आणि मधूनमधून कृष्णातकडे.

करंजाचं झाड दिसलं आणि गाडी थांबली.

"कृष्णात!"

"गातीया, सायेब."

"काही गात नाही! चल पुढं."

तो उतरला होता. पोतं घेऊन ओढ्याकडे निघाला होता. यांनी कपाळाला हात लावला आणि तसेच बसून राहिले. मला त्याच्याकडे बघवेना. अंगातला सदरा घामानं काळा झाला होता. माझ्याजवळ बहिणीनं दिलेला पाण्याचा तांब्या होता. त्याला घोटभर प्यायला द्यावं म्हणून मी उतरले आणि जवळची वाट म्हणून गाडीच्या पुढून निघाले. हातात तांब्या, पदर डोक्यावर.

"बनू! मागं हो! मागं हो गं बनू!"

तो ओढ्यातून धावत आला. मला त्यानं ढकललं नाही. माझ्या आणि गाडीच्या मध्ये येऊन पाठ टाकीला टेकवून उभा राहिला, हात पसरून. डोळे माझ्यावर होते, पण मला बघत नव्हते. मग हळूहळू मला बघायला लागले.

हे उतरून आले. त्यांनी कृष्णातच्या काखेखालून हात घालून टाकीला तळहात लावला. ठेवला. तसाच ठेवून दिला.

"कृष्णात," ते म्हणाले, अगदी हळू, रोग्याशी बोलतात तसं. "तुझी पाठ टेकली आहे तिला. भाजतंय का?"

त्यानं पाठीकडे ध्यान दिलं. मग नाही म्हणून मान हलवली आणि तिथंच, रस्त्यावर बसला.

"बनू कोण?" मी विचारलं.

"भन माजी. धाकटी." तांब्यातलं पाणी मी दिलं ते त्यानं धरून ठेवलं, प्यायला नाही. "मानसिंगाचं लगीन हुतं. आमचा मधला भाऊ. पोरगी कोरेगावची. म्या फलटणात एका बागायतदाराची मोटार चालवत हुतो, लालासाहेबांची. त्येंनी दिली, म्हणाले, घेऊन जा नवरदेवाला. मोठेपणाच तो आमच्यासारख्याला. वऱ्हाड बैलगाड्यांनी रातीच गेल्यालं. मोटारीत नवरदेव, मामा, आन् बनू. करवली हुती ती."

"मग?"

"पायथ्याला टाकी झिरपाया लागली. मामा म्हणाला, हळद घाल. समदेच घालत्यात. हळद कुठली आणायची वाटंत? तर बनूच्या मांडीवर उष्ट्या हळदीची वाटी हुती की. नवऱ्याला लावून उरल्याली, नवरीला न्यायची. तेलात कालवल्याली. ती हसली. म्हणाली, घे दादा, नवरीआधी हिलाच लाव, ही बी नटल्याली हाय. म्या दोन बोटं घेणार हुतो. थांबंना म्हणून मूठ घातली. परत मूठ घातली. मानसिंग म्हणतोय, आरं माजं लगीन गाडीसंगं लावतोस का काय. समदे हसत हुतो."

ओढ्याचं पाणी दगडांवरून वाजत होतं.

"हितं आली आन् उकळली. म्या वराडलो, कुणी हात लावू नगा, आन् पाण्याला गेलो. मामा आन् मानसिंग सावलीला. बनूला ऱ्हावलं न्हाई. आमच्याकडं धापा टाकनारं जनावर दिसलं की आदी पानी दावत्यात, मग बाकीचं. लहानपनापासनं तिला त्यीच सवय. तिच्या हातात करवलीचा तांब्या भरल्याला. पदरानं टोपण धरलं आन् फिरवलं. म्या ओढ्यातनं बघितलं. वराडलो. तिनं माज्याकडं बघितलं, हसली, आन् टोपण सुटलं. पिवळं पानी. उडालं त्ये झाडाच्या फांदीपातूर. म्या तिला वढली तवा ह्यो हात गेला. तिचं तोंड..."

हे त्याच्याजवळ मातीत बसले होते, इस्त्रीची पँट घालून.

"लोक म्हणाले, नवरीची हळद यंत्राला घातली, त्येचं फळ. मला ठावं हाय काय झालं. तेलाची हळद, तिच्या गुठळ्या झाल्या, नळ्या बसल्या. पर ठावं असून काय? गाणं थांबत न्हाई."

"कधी गेली बिचारी?" मी विचारलं.

कृष्णातनं चमकून वर पाहिलं. "गेली? गेली न्हाई वैनीसायेब. हाय की. घरात हाय. एक डोळा गेला, मान ह्या बाजूला वढल्याली. सोयरीक ठरत आल्याली, ती मोडली. तवापासनं उंबऱ्याभाईर पडली न्हाई. शेजारनी आल्या तर आतल्या खोलीत. म्या मोटार सोडली, उसाला पाणी पाजत बसलो. रोज तिच्याच हातची भाकर खायाचो आन् तिच्याकडं बघायाचो न्हाई. ती म्हनती, दादा, म्या मेल्याली न्हाई रं, माज्याकडं बघ की. म्या बघितलं की मला झाडाखालचीच दिसती."

मग यांनी हात दिला. कृष्णात उठला. पोतं ओढ्यातच राहिलं होतं, ते आणलं, पण टाकीवर घातलं नाही. घडी करून मागं ठेवलं. हे त्याच्याशेजारी पुढं बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून इंजिनाच्या पत्र्यावर ठेवला. "गायली तर मी सांगतो," म्हणाले. "तू चालव."

गाडी घाट चढून वर आली. वाठारच्या माळावर वारा लागला तेव्हा कृष्णात रडत होता, पण गाडी सरळ होती. शस्त्रक्रियेला उशीर झाला. रोगी टेबलावर वाट बघत झोपी गेला होता, तेवढंच. दुसरा ड्रायव्हर बघायची गोष्ट घरात पुन्हा निघाली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, सकाळी, मी लोणी काढत होते. मागच्या दारावर थाप पडली. तीच, हलकी, एकदाच. पण या वेळी दार उघडलं तर कृष्णात उंबऱ्याशीच उभा होता. हातात पांढरं घमेलं, त्यात टाकीतलं पाणी.

मी वाकून बघायला लागले, तसं त्यानं ते जरा मागं घेतलं.

"आज इचारायचं न्हाई," तो म्हणाला. "आज म्या बघितलं."

"काय दिसलं?"

"पिवळं हाय थोडं. आसू दे." त्यानं ते पाणी तुळशीपलीकडच्या कर्दळीला ओतलं. मग तसाच उभा राहिला, घमेलं फिरवत. मी लोण्याचा हात पुसून बाहेर आले.

"कोरेगावास्नं सांगावा आलाय. मानसिंगाच्या बायकूला पोरगा झाला. तो तिकडं लढाईत, आफ्रिकेत का इटलीत, कुटं हाय ते बी ठावं न्हाई. रजेवर आला हुता तवाचं ह्ये. बारसं बाळंतिणीच्या माह्यारी, कोरेगावात. बाळाच्या कानात नाव आत्यानं सांगायचं. आत्या आमची एकच."

"बनू जाणार?"

"दिवस गेल्याचं कळालं तवाच म्हणाली हुती. जाईन, पर दादाच्या मोटारीतनं जाईन, त्याच घाटानं जाईन. न्हाईतर नाव दुसरं कुणी बी सांगा. म्हणून तर म्या तुमच्या दारात आलो, संक्रांतीला. सायबास्नी इचारलं. मोटार घेऊन जा म्हणाले, पेट्रोलचं बघतो म्हणाले."

"मग अडलंय कुठं?"

त्याचा हात घमेल्याच्या काठावरून फिरत राहिला. आत सासूबाईंच्या पोथीचा आवाज चालू होता, आणि मुलींपैकी कुणीतरी पाढे म्हणत होतं.

"त्या झाडापाशी मला म्होरंच बघाया लागंल, वैनीसायेब. मागं वळून बघता याचं न्हाई. तवा तुमी तिच्याशेजारी बसा."